बिनकुंपणाची समोरची

जुई आणि मिहीर,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईनं मला फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, बघ, समोरची फेमस झाली." आपल्या गल्लीच्या पलीकडे, समोरच्या घरातल्या शेजारणीच्या, म्हणजे समोरचीच्या दारात, सरहद्दीच्या फ्रेंच बाजूच्या ग्रामपंचायतीनं एक मोठा फलक लावला आहे. त्याचा तो फोटो. तुमच्या आईला तो ऑकलंडमध्ये बसून इंटरनेटवर दिसला; मला तो फलक रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. त्यावर समोरची हसते आहे, आणि वर तीन भाषांत 'आमचा ग्रामीण वारसा' असं लिहिलं आहे. मी तुमच्या आईला उत्तर पाठवलं नाही. मला राग आला होता आणि रागात मी मेसेज पाठवत नाही. आता आठवडा झाला, राग गेलेला नाही. तेव्हा तो नीट, क्रमानं लिहून काढावा म्हणून बसले आहे.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि जन्मभर इंग्रजी शिकवलं. तुम्हाला इंग्रजीत लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं झालं असतं. पण मला धड रागावता येतं ते मराठीतच. आई वाचून दाखवील. तुम्ही इथून गेलात तेव्हा लहान होतात; फोटो बघून समोरची म्हणजे कुणी हसरी, गोड म्हातारी होती असं तुम्हाला वाटू लागेल, आणि ते मला चालणार नाही. ती हसत नसे. त्या फोटोत ती हसली, कारण फोटो काढणाऱ्याचा नवा बूट कोंबडीच्या घाणीत पडला होता.

समोरची रोज रागवायची. सकाळची कॉफी झाली की ती खुर्ची घेऊन दाराबाहेर यायची, बसायची, गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकायची आणि म्हणायची, "आल्झो." इथे हा शब्द लोक 'तर मग' अशा अर्थानं सहज वापरतात. तिच्या तोंडी तो आला की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. हवामानखातं, पोप, पोस्टाची नवी गाडी, माझी इस्त्रीची साडी. "एवढी घडी कशाला? तू काय पाकीट आहेस?" मी टापटिपीची बाई आहे, मला ते लागायचं. पण ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असूनही पहिल्याच दिवशी मला 'डू', म्हणजे 'तू' म्हणाली, आणि मीही तिला तेच म्हणू लागले. म्हणून इथे 'त्या' लिहीत नाही, 'ती' लिहिते. पहिल्या दिवशीचा तिचा दुसरा प्रश्न होता, आम्ही गालिचे विकायला आलो आहोत का. तुमचे आजोबा गिअरबॉक्सच्या कंपनीतून निवृत्त झालेले; ते म्हणाले, "नाही, गिअरबॉक्स." ती म्हणाली, "ते नकोत."

आपलं गाव कागदावर दोन गावं आहेत. गल्ली एकच. आपली बाजू जर्मनीत, समोरची फ्रान्समध्ये. कचऱ्याची गाडी आपल्याकडे एका दिवशी येते, तिच्याकडे दुसऱ्या. म्हातारी माणसं मात्र दोन्हीकडची जर्मनचीच एक बोली बोलतात, म्हणून माझ्या पुस्तकी जर्मनवर आमचं भागलं. जुनी घरं दोन्ही बाजूंना सारखीच, भिंतीला भिंत लागलेली, राहायची खोली आणि गोठा एकाच छपराखाली. आणि प्रत्येक घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत एक रुंद मोकळा पट्टा. फ्रेंचमध्ये त्याला उझ्वार म्हणतात. या भागातल्या खेड्यांची हीच खूण. जमीन गावाची, वापर त्या घराचा. पूर्वी तिथे शेणाचा ढीग असायचा, आणि ज्याचा ढीग मोठा त्याच्या मुलीला स्थळं चांगली यायची. नंतर तिथे गाडी, लाकडं, कोंबड्या, बाक आले. तुम्ही तिथे काहीही ठेवा, फक्त कुंपण घालायचं नाही, कारण जाणाऱ्याला तिथून जाता आलं पाहिजे. आपल्या बाजूला हे पट्टे केव्हाच घरमालकांच्या नावावर झाले आणि तिथे मोटारी उभ्या राहिल्या. तिच्या बाजूला ते गावाचेच राहिले होते.

ती राहायची ती त्या पट्ट्यावरच. "घर झोपायला असतं," असं ती म्हणायची आणि खरोखरच बटाटे सोलणं, कोंबडी साफ करणं, कपडे शिवणं, भांडणं, सगळं बाहेर करायची. थंडीत नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घालून बसायची. तिच्याकडे नुसतं उभं राहून बोलायची सोय नव्हती. कुणी थांबलं की त्याच्या हातात काम पडायचं. चादरीचं टोक धर, वाटाणे सोल, हा पाट ओढ. पाद्री आला तरी त्याला सुटका नव्हती. जुई, तुला ती पिवळ्या आलुबुखारांच्या टोपलीसमोर बसवायची. फुटलेले जॅमला, अखंड वाळवायला. तू जर्मनमध्ये विचारलंस, "मला का करावं लागतं?" ती म्हणाली, "कारण तू इथून जात होतीस." तुला ते कारण पटलं आणि मलाही पटलं.

लाकडांची चळत हा तिचा अभिमान होता. तिच्या गावाचं सामाईक जंगल आहे. दर वर्षी त्याच्या तोडीचे वाटे पाडतात आणि प्रत्येक घराला चिठ्ठी काढून एक वाटा मिळतो. "सगळ्यांना ओक, मला काटक्या," हे तिचं दर वर्षीचं वाक्य, आणि दर वर्षी तिच्या दारात उत्तम ओक येऊन पडायचा. ती तो स्वतः रचायची. खांब नाही, तार नाही. दोन्ही टोकांना लाकडं आडवी-उभी घातली की चळत आपली आपण उभी राहते. मी एकदा म्हटलं, ही तुझी भिंतच झाली की. तिला राग आला. "भिंत संपते का? ही मार्चपर्यंत संपते." कुणाचं सरपण कमी पडलं तर तो तिच्या चळतीतून न विचारता नेऊ शकायचा, फक्त नंतर सांगायचं. न सांगणाऱ्याला ती ओळखून असायची आणि त्याला पुढच्या वेळी बटाट्यांचं पोतं सोलावं लागायचं.

आता तुमच्या आजोबांची गोष्ट, आणि ती त्यांची थट्टा म्हणून ऐकू नका. त्यांच्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी हातभर जमीन नव्हती. आयुष्यभर ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर हे घर घेतलं. हातात किल्ली आली तशी त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कंपाउंडची ऑर्डर दिली. आपल्याकडे भारतात प्लॉट घेतला की माणूस घराच्या पायाआधी कंपाउंड घालतो, त्याशिवाय त्याला झोप येत नाही. त्यांनी स्वतः मोजमाप घेऊन लोखंडी खांब रोवले. दुसऱ्या सकाळी समोरची ढकलगाडी घेऊन आली आणि दोन खांबांच्या मधून सरळ आमच्या दारात शिरली. आमच्या घराच्या कडेच्या बोळातून, परसातून चर्चकडे पायवाट जाते, ती तिची नेहमीची वाट होती.

"गुटेन मॉर्गन," आजोबा म्हणाले. "ही आता आमची खासगी जागा आहे."

"माहीत आहे. अभिनंदन," ती म्हणाली. ढकलगाडी थांबली नाही.

"उद्या इथे जाळी लागेल."

आता ती थांबली. "कशाला? तुझी जागा पळून जाते का?"

आजोबा माझ्याकडे वळले. मराठीत मला म्हणाले, "अगं, सांग ना तिला."

मी म्हटलं, "अहो, कंपाउंड तुमचं आहे. तुम्हीच सांगा."

तिनं आमचं बोलणं संपायची वाट पाहिली. मग शांतपणे सांगितलं की या घरात तिची मावशी राहायची. लढाईच्या दिवसांत मधल्या गल्लीत काटेरी तारा होत्या, तेव्हा समोरच्या मावशीकडे यायला तिला नाक्यापर्यंत लांब जाऊन, शिपायाला टोपली उघडून दाखवून, पुन्हा मागे यावं लागायचं. तारा निघाल्या तेव्हा तिनं ठरवलं होतं की आता वळसा घालायचा नाही. "तू जाळी लाव," ती आजोबांना म्हणाली. "मी कात्री घेऊन येईन. तू पुन्हा लाव. माझ्याकडे दुसरं काम नाही."

जाळी लागली नाही. आजोबांनी त्या खांबांवर घेवडा चढवला. कुणी विचारलं तर सांगायचे, कंपाउंड रद्द नाही, पुढे ढकललंय. ते शेवटपर्यंत पुढे ढकललेलंच राहिलं, आणि ती रोज घेवड्यातून चर्चला जात राहिली. देवावरही ती रागावलेलीच असायची, पण जायची.

मला गावाचं प्रेम नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. इथले शहरी लोक सुट्टीत खेड्यात येतात, दगडी उंबऱ्याचे फोटो काढतात आणि जुनं ते किती सुंदर असं म्हणतात, तेव्हा मी गप्प राहते. माझ्या आजोबांचं घर गावाबाहेर होतं. ते बाहेर का होतं हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर तिला हे वाचणं थांबवून आत्ताच विचारा. त्यांना वरच्या आळीतून जायचं झालं तर वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या, आणि काही वाटांनी जायचंच नव्हतं. माझ्या वडिलांनी शिक्षण घेतलं, धम्म घेतला, शहर गाठलं. आमच्या घरात 'आपलं गाव' हे शब्द कौतुकानं कुणी उच्चारले नाहीत.

एकदा वाटाणे सोलताना समोरची आपल्या गावाची बढाई मारत होती, तेव्हा मी तिला हे सांगितलं.

"तिथे कुंपण होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग पहारा?"

"नाही. काहीच नव्हतं. लागतच नव्हतं."

"आल्झो," ती म्हणाली. हातातली शेंग तिनं उघडली, दाणे काढले, टरफल टाकलं. मग म्हणाली, "म्हणजे कात्रीपण चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बसकडे निघाले होते. ती खुर्चीतून ओरडली, "रस्त्यानं कशाला जातेस? इथून जा."

मी म्हटलं, "रस्ता सरळ आहे."

"असू दे. इथून जा."

तेव्हापासून मला बसला जायचं असलं की गल्ली ओलांडून तिच्या दारातून, मग तिच्या शेजाऱ्यांच्या दारांतून, फ्रेंच बाजूच्या सगळ्या पट्ट्यांवरून चालत जावं लागायचं. त्या आग्रहात दया नव्हती. दया असती तर मी गेले नसते. तो हुकूम होता, आणि तिचे हुकूम गावात सगळेच पाळायचे. काही महिन्यांनी तिथली कुत्रीही माझ्यावर भुंकेनाशी झाली.

आजोबा गेले तेव्हा इथले लोक सभ्यपणे वागले. फोन करून विचारत, भेटायला कधी यावं. दुःखाला तेर्मिन द्यायची, म्हणजे वेळ ठरवून द्यायची, मला सवय नव्हती. तिकडे, आपल्या वस्तीत, कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारणी न विचारता पिठलं-भात आणून ठेवतात. समोरचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सकाळी तिनं आपली खुर्ची उचलली, गल्ली ओलांडली आणि आमच्या दारात, घेवड्याच्या खांबांजवळ मांडली. बरोबर बटाट्यांची टोपली. भेटायला जो येईल त्याला ती आधी सुरी द्यायची. आजोबांच्या कंपनीतले मोठे साहेब काळ्या सुटात गाजरं किसत बसले होते. तुमची आई संध्याकाळी विमानतळावरून आली, तिनं ते बघितलं आणि गाडीतून उतरायच्या आधी रडायचं थांबून मला विचारलं, "आई, इथे लग्न आहे का?" त्या दिवशी घरात सूप होतं, माणसं होती, आणि मला कुणाशी बोलावं लागलं नाही. रात्रीच्या वंदनेला समोरची मागे उभी राहिली. नंतर म्हणाली, "तुमची प्रार्थना बरी आहे. कुणाकडे काही मागत नाही."

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

फ्रेंच बाजूला नवा मेयर निवडून आला. मेयर म्हणजे आपला सरपंचच. चाळिशीतला, इस्त्रीचे कपडे, सगळ्यांना नावानं ओळखणारा. त्याला गाव सुंदर करायचं होतं. त्यानं सभा बोलावली आणि आमच्या जर्मन बाजूच्या लोकांनाही आमंत्रण दिलं, म्हणून मी समोरचीबरोबर गेले. तो म्हणाला की हे पट्टे म्हणजे अर्धवट जागा. धड रस्ता नाही, धड खासगी नाही, म्हणून त्यांची देखभाल कुणी करत नाही. ज्याला हवा त्यानं आपल्या दारासमोरचा पट्टा विकत घ्यावा, हवं तर कुंपण घालावं. जे उरतील तिथे पंचायत फरशी घालून पार्किंग करील, फुलांच्या कुंड्या ठेवील. नव्यानं राहायला आलेल्या शहरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या कुत्र्याला मोकळ्या जागेत असुरक्षित वाटतं.

समोरची उभी राहिली. "आल्झो. मी तिथे जन्मापासून बसते. ती जागा मी विकत कशासाठी घ्यायची?"

"मादाम, कारण ती तुमची नाही," सरपंच गोड आवाजात म्हणाला. "ती गावाची आहे."

"मग गावाची आहे ती तू कसा विकतोस?"

लोक हसले. ती विनोद करत नव्हती, हे त्या खोलीत बहुतेक माझ्या एकटीच्या लक्षात आलं. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

वर्षभरात एकेका दारापुढे कुंपण उभं राहिलं. कुणी हिरवी जाळी लावली, कुणी पांढरं प्लॅस्टिक, कुणी पिंजऱ्यात दगड भरून भिंत केली. माझी बसची वाट तुकड्यातुकड्यानं बंद होत गेली. शेवटी तिच्या एका पट्ट्यावरून जाऊन लगेच रस्त्यावर उतरायचं एवढंच उरलं. तरी ती "इथून जा" म्हणायचं सोडत नव्हती. तिनं आपला पट्टा विकत घेतला नाही. तिला पंचायतीकडून सूचना येऊ लागल्या की लाकडं हलवा, कोंबड्या हलवा, खुर्ची रात्री आत घ्या, गावाच्या रूपाला बाधा येते. मी स्वच्छतेबाबत किती कट्टर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दारात बाधा येण्यासारखं काही नव्हतं. एक म्हातारी बाई बसलेली होती, एवढंच होतं.

त्या हिवाळ्यात लाकूड आणायला गेली असताना बर्फावर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातून तिचा पुतण्या आला. सभ्य माणूस. तिला 'थोड्या दिवसांसाठी' वृद्धाश्रमात ठेवलं. ती तिथे असतानाच एका सकाळी पंचायतीचा ट्रॅक्टर आला आणि चळत भरून घेऊन गेला. कोंबड्या पुतण्यानं कुणाला तरी देऊन टाकल्या. खुर्ची ट्रॉलीत लाकडांवर पडलेली मी पाहिली. मी बाहेर जाऊन विचारलं, तेव्हा ट्रॅक्टरवाला म्हणाला, मला सांगितलंय तेवढंच मी करतो.

मी तिला भेटायला जायचे. वरच्या मजल्यावर खोली, खिडकी हातभरही उघडत नाही. ती कधी माझी खुशाली विचारायची नाही. विचारायची, "तिथून कोण जातं?"

"मी जाते."

"आणखी?"

"पोस्टमन."

"आणखी?"

मी खोटं बोलत नाही. एक दिवस मी तिला चळतीचं सांगितलं. ती ओरडली नाही. चादर बाजूला केली आणि म्हणाली, "माझे बूट दे." बूट कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होतं. नर्स आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कुठे जायचंय आपल्याला?" समोरची म्हणाली, "तुला नाही, मला." त्यानंतर मी गेले की प्रत्येक वेळी तिनं बूट मागितले. तिथले लोक चांगले होते, हे मला लिहायलाच हवं. चांगल्या लोकांनीच, ती पडू नये म्हणून, ते बूट कुलूपबंद केले होते. वसंत संपायच्या आत ती गेली. बूट तिला मिळाले नाहीत. दफनाच्या वेळी सरपंचानं भाषण केलं, त्यात 'गावाचा आत्मा' असे शब्द होते. मी माझी छत्री दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, नाहीतर ती मी कुठेतरी मारली असती.

आणि आता हा फलक. वारशाचं काम बघणाऱ्या कुठल्याशा मोठ्या कचेरीला या भागातला एक अस्सल, मूळ स्वरूपातला उझ्वार हवा होता. बाकीचे सगळे यांनी विकलेले. राहिला होता एकच, कारण तिनं तो विकत घ्यायचं नाकारलं होतं आणि पंचायतीची फरशी अजून तिथवर आली नव्हती. मग त्याच सरपंचानं तिथे नवी खुर्ची आणली आणि ती बोल्टनं जमिनीत जखडली. एकसारख्या कापलेल्या पांढऱ्या बर्चच्या लाकडांची चळत उभी केली, दोन बाजूंना खांब, भोवती तार. पलीकडे तिचा फोटो. आणि या सगळ्यापुढे, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोखंडी साखळी आणि 'हात लावू नये' ही पाटी. जिनं जन्मभर एक कुंपण घालू दिलं नाही, तिच्या फोटोपुढे, तिच्या नावानं, तिच्याच दारात यांनी कुंपण घातलं. राग कशाचा आला ते आता तुम्हाला कळलं असेल.

मी नेहमीप्रमाणे नाश्त्यानंतर निघाले. साखळीचा आकडा काढला, ती गोळा करून फलकाच्या पायाशी ठेवली आणि तिच्या दारातून बसकडे गेले. परत आले तर साखळी जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. असं चाललं, आणि परवा सरपंच स्वतः येऊन उभा राहिला.

"मादाम, ही साखळी वारशाच्या संरक्षणासाठी आहे."

"कुणापासून?"

"लोकांपासून. म्हणजे, येणाऱ्याजाणाऱ्यांपासून."

"येणारीजाणारी मीच आहे," मी म्हटलं. "दुसरं कुणी नसतं."

तो हसला. "पण तुम्ही तर पलीकडच्या. जर्मन बाजूच्या."

"हो," मी म्हटलं. "आणि त्याच्याही बऱ्याच पलीकडची. ही जागा तुम्ही कुणाला विकलीत का?"

"नाही. ती गावाची आहे."

"तुमच्या फलकावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता का? मला फ्रेंच नीट येत नाही. जर्मनमधलं वाचा."

त्यानं वाचलं. त्याला वाचावंच लागलं, कारण पोस्टमन गाडी थांबवून ऐकत होता. फलकावर यांच्याच तज्ज्ञांनी लिहिलं आहे: उझ्वारावर कुंपण घालण्यास मनाई असे आणि तिथून जाण्याचा हक्क सर्वांना असे. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ते पूर्वीचं वर्णन आहे."

"जागा विकलेली नाही, तर पूर्वीचं कसं झालं?"

पोस्टमन म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे." तो फ्रेंच पोस्टाचा माणूस, त्याला बरीच वर्षं समोरचीकडे वाटाणे सोलावे लागले होते.

सरपंच म्हणाला, मी बघतो. काल सकाळी माणूस आला आणि साखळी काढून घेऊन गेला. मला आनंद झाला असं समजू नका. आनंद व्हायला ती हवी होती, आणि तिचे बूट तिच्या पायात हवे होते. तुमच्या आईला सांगा, फोटोखाली तिनं टाकलेलं हृदयाचं चिन्ह काढून टाक, आणि पुढच्या सुट्टीत तुम्हाला घेऊन इकडे ये.

आलात तर काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते. खुर्ची जमिनीला जखडलेली आहे आणि तिच्यावर कुणी बसत नाही. लाकडं तारेत आहेत, ती कुणाच्या चुलीत जाणार नाहीत. कोंबड्या नाहीत. गल्लीतल्या बाकी सगळ्या फ्रेंच दारांना कुंपणं आहेत. तिच्या दारासमोरची जागा मात्र अजून गावाची आहे, आणि तिथून कुणालाही जाता येतं.